मेंटेनन्स सोडून

पंचवटी, नाशिक
६ एप्रिल २०२५

…तर त्याच्या पुढचं ऐक, तेजू, कारण फोनवर मेन गोष्ट राहिलीच आणि तुझी रेंज गेली. तुला ब्रोकरची गरज नाहीये! मी घर शोधलं! परत परत फोन लावला, ती बाई 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणत राहिली, मग ठरवलं मेलच करते. तशीही आपली शपथ आहेच कॉलेजच्या शेवटच्या दिवसाची. महिन्याला एक मेल, अख्खा मराठीत. तू बोललेली ना, "नाशकात जन्मलीस, गोदावरीच्या काठावर राहतेस आणि मराठी अशी बोलतेस जशी दुबईहून सुट्टीवर आलीयस." आता बघ किती लिहितेय.

घर आमच्या यज्ञेश्वर काकांचं आहे. ते आमच्याच गल्लीत राहतात, यात्रेकरूंचे विधी करतात, आणि म्हातारपणाची सोय म्हणून त्यांनी नाशिक रोडला छोटा फ्लॅट घेऊन ठेवलाय. वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट आहे, तुझ्या नव्या लॅबपर्यंत चालत जाशील. मी आज सकाळीच काकांकडे गेली. ते सोवळं नेसून पूजेला बसायला निघालेले. मला बोलले, "लांब उभी राहा आणि लवकर बोल." मग मी लांबूनच ओरडली, "काका, माझ्या बेस्ट फ्रेंडला घर द्या ना! ती आणि तिची मोठी बहीण, दोघीच आहेत!" दोन मिनिटांत फायनल!! भाडं नऊ हजार. आणि आता कुठेतरी बस आणि मग वाच. काकांनी मेंटेनन्स सोडला. पाणीपट्टी पण सोडली.

तुला याची किंमत कळत नसेल, पण मी या विषयावर इतके व्हिडिओ बघितलेत की लेक्चर देऊ शकते. लोक भाडं बघून 'परवडतं' बोलतात आणि फसतात. ब्रोकर एक महिन्याचं भाडं खातो. डिपॉझिट वेगळं. करार रजिस्टर करायचे पैसे वेगळे. सामान आणायचं तर सोसायटी त्याचे पण घेते, का तर लिफ्ट त्यांची! मग दर महिन्याला मेंटेनन्स, उन्हाळ्यात टँकर, आणि सोडून जाताना मालक रंगाचे पैसे कापून घेतो. तुझ्या केसमध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही, कारण तुझ्याकडे मी आहे.

पूजाताईला सांग. सासरहून परत आल्यापासून ती अंगणात पण येत नाही, शेजारणी काहीतरी विचारतील म्हणून, असं तू लिहिलेलं. इथे तिला कोणी ओळखत नाही. मस्त बाल्कनीत बसेल. मला इतकं छान वाटतंय ना, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची तरी खरी मदत केली.

तुझी
वल्लरी


चांदवड
१० एप्रिल २०२५

प्रिय वल्लरी,

आधी तपासणी. 'मी गेली' नाही, 'मी गेले'. 'बोलले' सगळीकडे नको, कधी कधी माणसं 'म्हणतात' सुद्धा. आणि 'कोणाची मदत' नाही गं, 'कोणाला मदत'. बाकी पत्र पास. ताईने दोनदा वाचलं. माझ्या मोबाइलवर तुझं पत्र आलं की आधी ती वाचते, हसायला मिळतं म्हणून. या वेळी हसली नाही. वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "भाडं तं समजलं. वरचं काय काय हाय?"

त्यांचं आयुष्य विंचूरच्या मार्केटला कांदा घालण्यात गेलं. तिथं भाव एक पुकारतात आणि हातात पडतं दुसरंच. मधे हमाली, तोलाई, वाराई कापून घेतात. त्यामुळे त्यांना कोणी कसलाही आकडा सांगितला की ते 'वरचं' विचारतात. लग्न ठरवतानासुद्धा विचारलं होतं. ताईच्या वेळी 'वरचं काही नाही' म्हणणारी माणसं मिळाली, त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे.

मी म्हटलं, "अण्णा, वरचं काही नाही. मालकांनी सोडलंय."

"सोडलंय? कशापायी?"

मी म्हटलं, "वल्लरीपायी."

"मंग त्या पोरीला लोणचं धाड. पन मालकाला एकदा फोन कर. आपल्या कानानं ऐक."

नाही केला मी फोन. लाज वाटली. माणूस आपण होऊन सोडतोय आणि आपण त्याला 'खरंच ना?' विचारायचं, बरं दिसत नाही. तू ऐकलंयस म्हणजे मी ऐकल्यासारखंच आहे.

एक सांगून ठेवते. लॅबमधल्या दोघींनी त्यांच्या खोलीत माझ्यासाठी जागा धरली होती. स्वस्त पडलं असतं. पण एका खोलीत तिघी, तिथे ताईला कुठे नेऊ? त्यांना नको म्हणून कळवलंय. पगार सतरा हजार आहे. नऊ भाड्याला गेले की उरलेल्यात दोघींचं निभेल, फार ऐट न करता.

संध्याकाळी माळ्यावर काहीतरी खुडबुड झाली. बघते तर ताई स्वतःची बॅग खाली काढत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तेजस्विनी


पंचवटी
४ मे २०२५

तेजू,

सामान लावून झालं की फोटो पाठवते म्हणालीस, आणि पाठवला काय, तर गॅसच्या शेगडीचा! बाल्कनीचा पाठव ना!

अक्षय तृतीयेला गृहप्रवेश, किती भारी मुहूर्त. तुला वाटेल भाड्याच्या घराला कसला गृहप्रवेश, पण लतिका काकूला कोण सांगणार. काकू म्हणजे यज्ञेश्वर काकांची बायको हे आता तुला सांगायला नको. सकाळी पंचवटीतून रिक्षाने दुधाची पिशवी आणि स्वतःचं पातेलं घेऊन आली! "नव्या घरात दूध उतू गेलंच पाहिजे," आणि पूजाताईलाच शेगडीसमोर उभं केलं. तू खाली सामानाजवळ होतीस, मी बघत होते, दूध वर आलं तेव्हा ताईने सवयीने गॅस बंद करायला हात पुढे केला आणि काकूने तिचा हात धरला. "जाऊ दे गं, जाऊ दे." सगळा ओटा खराब. आणि ताई हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

वॉचमनने सामान चढवायचे पाचशे मागितले ते मी देऊन टाकले, तो विषय संपला. करार मी वाचला. म्हणजे चाळला. सगळं 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार', मला दुसऱ्या पानावर झोप आली. तिथे 'इतर आकार नियमाप्रमाणे' असं काहीतरी आहे, वकिलांची भाषा, लक्ष नको देऊ. तुझी ड्युटी होती, करार रजिस्टर करणारा एजंट घाई करत होता, तू अंगठा लावून पळालीस तेच बरं केलंस. काका थोडेच परके आहेत.

मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं की मी घर लावून दिलं. दोन मुलींनी मला विचारलंय, आमच्यासाठी पण बघ. मला वाटतं मी यात चांगली आहे!

वल्लरी

(लोणचं संपलं. अण्णांना सांग.)


नाशिक रोड
२५ मे २०२५

प्रिय वल्लरी,

आज रविवार, म्हणून लिहायला बसले.

सकाळी पाण्याचा टँकर आला होता. मी बादल्या घेऊन खाली गेले तर पार्किंगमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी यादव उभे होते. माझ्या हातात बिल दिलं. मेंटेनन्स. टँकरचा वाटा. पार्किंग, जे आमच्याकडे सायकलसुद्धा नसताना लावलंय. आणि एक नॉन-ऑक्युपन्सी म्हणून, म्हणजे मालक स्वतः राहत नाही त्याबद्दल. सगळं मिळून अडीच हजारांच्या वर, एका महिन्याचं.

मी म्हटलं, "हे आम्हाला नाही. मालकांनी सोडलंय."

यादव म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"मालकांनीच."

मी जरा जोरात म्हटलं असेन. मला माझ्या बाजूची खात्री होती ना. चार बायका बादल्या घेऊन रांगेत होत्या, त्या बघायला लागल्या. यादवांनी तिथल्या तिथे तुझ्या काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काका जे म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं. यादव मला म्हणाले, "ताई, फुकट राहायचं असेल तर माहेर असतं." वाईट मनाने नाही म्हणाले, लोकांना हसवायला म्हणाले. बायका हसल्या.

मी म्हटलं, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल," आणि बादल्या तिथेच ठेवून वर आले. ताई दारात होती. जिन्यात सगळं ऐकू येतं. 'माहेर' सुद्धा.

दुपारी ताई म्हणाली, "मी जाते परत. तू त्या दोघींच्या खोलीत जा." मी म्हटलं ती जागा गेली. तर म्हणाली, "माझ्यापायी गेली ना."

वल्लरी, एक विचारते. त्या दिवशी सकाळी काका तुला नेमकं काय म्हणाले होते? शब्द न् शब्द लिही. तुझे नको, त्यांचे.

तेजस्विनी


पंचवटी
२६ मे २०२५

तेजू,

सॉरी. खूप सॉरी. यादवांना काही मॅनर्सच नाहीत.

शब्द कसे आठवणार गं, काका पूजेच्या घाईत होते. पण सोडलं म्हणाले होते हे नक्की. आता फिरले. मोठी माणसं अशीच असतात, देताना देतात आणि नंतर त्यांना जड जातं. मला वाटतं काकूनेच कान भरले असतील. ती वरून गोड आहे, पण पैशाच्या बाबतीत घर तिच्याच हातात आहे.

मी बघते काय करायचं ते. या महिन्याचं बिल मी भरते, प्लीज नाही म्हणू नकोस. आणि काकांना तू काही विचारू नकोस, उगाच वाढेल.

ताईला जाऊ देऊ नकोस.

वल्लरी


नाशिक रोड
९ जून २०२५

वल्लरी,

हे लॅबच्या कॉम्प्युटरवरून आणि लॅबच्या मेलवरून लिहितेय. याचं उत्तर माझ्या मेलवर देऊ नकोस. का ते शेवटपर्यंत वाचलंस की कळेल.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र नेहमीसारखं आधी ताईने वाचलं. त्यानंतर दोन दिवसांनी लतिका काकू आल्या. पिशवीत आंबे होते. मी ड्युटीवरून येत होते, जिन्यात पोचले आणि वरचा आवाज ऐकून थांबले. ताईचा आवाज होता. वर्षभरात मी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता, मला आधी वाटलं टीव्ही आहे.

ताई म्हणत होती, "आंबे परत न्या. तुम्ही गोड बोलून आत घेता आणि मग वरचं काढता. या घरात दूध उतू घालायला लावलंत ना माझ्याकडून? असं लावणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. पहिली माझी सासू. तिनं पण हात धरला होता माझा."

काकू म्हणाल्या, "अगं पण पूजा, माझं काय..."

"तुमचं काही नाही. चूक आमची असते. दर वेळी आमचीच असते. पण या वेळी मी गप्प बसणार नाही. बिल आम्ही भरू. तुमची दया नको."

काकू माझ्या शेजारून खाली गेल्या. माझ्याकडे बघितलं पण ओळख दिली नाही, पदर तोंडाला लावला होता. आंबे दाराशीच राहिले. मी वर गेले. मला वाटलं ताई आता रडेल. तिने पीठ काढलं, भाकरी टाकल्या आणि ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ल्या. सासरहून आल्यापासून तिच्या घशाखाली नीट घास उतरत नव्हता. तू तो ओटा पाहिलायस ना, तिथेच.

दुसऱ्या दिवशी ती एकटी यादवांकडे गेली. बिल घेऊन. एकेक ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे कशाचं, हे कोणी ठरवलं, हे मालकाचं का आमचं. पार्किंग काढायला लावलं. टँकरचा वाटा माणशी का घरामागे, ते फलकावर लिहून लावायला सांगितलं. यादव खोकत होते म्हणे. आता खालच्या त्याच बायका आपापली बिलं घेऊन ताईकडे येतात. लॅबमधल्या ज्या दोघींची खोली मी नाकारली, त्यांना ताई डबा करून देते. मेंटेनन्स तेवढ्यात निघतो. तुझे पैसे नकोत. परत जायचं नाव ती आता काढत नाही.

आता तुझं.

त्या रविवारी स्पीकरवर काका म्हणाले होते, "अहो यादव, मी मेंटेनन्स, पाणी सोडून नऊ म्हटलं होतं."

सोडून.

मला तिथेच कळलं. त्या चार बायकांसमोर, मान खाली घातलेली असताना, मला हसू आलं बघ. तुला वाटलं काकांनी ते सोडून दिलं! तुझ्याच डोक्यात येऊ शकतं हे. म्हणून तुला विचारलं, शब्द न् शब्द लिही. वाटलं होतं तू लिहिशील, लिहिता लिहिता तुझं तुलाच कळेल, मग तू एक लांबलचक सॉरी लिहिशील आणि मी तुला 'वगळून' असा एक शब्द शिकवीन. आपण हसलो असतो. पैशाचं काहीतरी केलं असतं.

तू काकांना फिरवलंस. वर काकूंचं नाव घेतलंस, ज्यांनी काहीच केलं नव्हतं.

तुझ्या मराठीच्या चुका मी तीन वर्षं दुरुस्त करतेय. याला काय करू?

ताईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. का, ते विचार करून बघ.

तेजस्विनी


पंचवटी
१३ जून २०२५

तेजू,

हे कागदावर लिहितेय आणि तुझ्या लॅबच्या काउंटरवर ठेवून जाणार आहे. तुझी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, मुद्दाम. समोर यायची हिंमत नाही.

तुझं मे महिन्यातलं पत्र आलं तेव्हा मला काका काय म्हणाले ते आठवत होतं. चांगलं आठवत होतं. "मेंटेनन्स, पाणी सोडून नऊ, सांग तिला." मी आईला स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, आई, 'सोडून' म्हणजे माफ करून ना? आई कोथिंबीर निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ते सोडून, म्हणजे ते धरायचं नाही. ते वेगळं." माझे कान गरम झाले. आईने विचारलं, का गं? मी म्हटलं, काही नाही, सहज.

मग लॅपटॉप उघडला आणि खरं लिहायला बसले. लिहिता येईना. मला मराठी येत नाही यावर तू हसतेस, मीही हसते, ती आपली गंमत आहे. पण मला मराठी येत नाही म्हणून तुझ्यावर पार्किंगमध्ये लोक हसले, आणि ताईला 'माहेर' ऐकावं लागलं, हे लिहायचं म्हणजे गंमत संपली. आणि मी ऑफिसभर सांगितलेलं की मी घर लावून दिलं. ते पण होतं. खोटं कशाला बोलू. 'काका फिरले' हे दोनच शब्द होते आणि ते लगेच सुचले. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. काकूचं का लिहिलं मला खरंच माहीत नाही. काकांवर एकट्यावर टाकायला भीती वाटली असेल. ती आपली आहे, चालवून घेईल, असं काहीतरी वाटलं असेल.

काल त्यांच्याकडे गेले. काकू लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "पूजा बरी आहे ना गं? माझंच चुकलं. त्या पोरीला काय काय सोसावं लागलंय ते माहीत नसताना मी तिला शेगडीसमोर उभं केलं." पंधरा दिवस काकू स्वतःचीच चूक शोधत बसली होती. मी तिथेच पाटावर बसून सगळं सांगितलं. 'सोडून'चं पण सांगितलं, 'काकूने कान भरले' असं लिहिलं ते पण. तिचा हात अडकित्त्यावर तसाच राहिला.

काका बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं. आत आले. रागावतील वाटलं, तर खाली बसले. म्हणाले, "म्हणजे दीड महिन्यापूर्वी दोन पोरी माझ्या घरात आल्या, आणि तिथे मी शब्द फिरवणारा आहे." मग म्हणाले, "अगं, मी यजमानाला दक्षिणासुद्धा आधी सांगतो. नंतर माणूस कितीही श्रीमंत निघाला तरी वाढवत नाही." आणि उठून स्कूटरची किल्ली घ्यायला लागले. आत्ताच्या आत्ता नाशिक रोडला जाऊन पूजाताईला सांगायचं म्हणून.

काकूने दारात अडवलं. "कुठे निघालात? काय सांगणार तिला?"

"खरं ते."

"की तू ज्या बाईला बोललीस तिने काही केलंच नव्हतं? अहो, ती पोर वर्षभर तोंड मिटून होती. पहिल्यांदा बोलली. चुकीच्या माणसाला बोलली, पण बोलली ना? आता जाऊन सांगा की तेही चुकलं. पुन्हा कधी उघडेल का तोंड?"

"आणि आपण खोटारडे राहायचं?"

"मला चालेल."

"मला नाही चालणार, लतिका. तुला ती सासूच्या रांगेत बसवते आणि तू म्हणतेस चालेल?"

काकूने डोळे पुसले, कैरीच्या हाताने, आणि डोळ्यांत कैरी गेली. काका तिला पाणी द्यायला धावले. मी मधे उभी. त्या दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नव्हतं.

काका रविवारपर्यंत थांबायला तयार झालेत, तेही काकूसाठी. रविवारी ते येणार. नाहीतर त्याआधी मी यायचं आणि मी सांगायचं, असं ठरलंय.

मी यायला तयार आहे. काल रात्रभर तेच वाटत होतं, जाऊन ताईच्या पायाशी बसावं आणि सगळं सांगून टाकावं. पण सकाळी वाटलं, ते कोणासाठी? सांगितलं की मी मोकळी होईन. काकांचा शब्द परत मिळेल. आणि ताई? ती यादवांसमोर बोट ठेवून बोलली, त्या बायका तिच्याकडे बिलं घेऊन येतात, ती उभ्या उभ्या भाकरी खाते, हे सगळं ज्या दिवसापासून सुरू झालं तो दिवसच माझ्या खोट्याचा आहे. तो मी तिच्याकडून काढून कसा घेऊ? आणि नाही काढला, तर दर महिन्याला भाडं देताना ती काकूला मनात तेच म्हणणार. उद्या काकू रस्त्यात भेटली तर तोंड फिरवणार. आणि कधीतरी दुसऱ्या कोणाकडून कळलं तर? ताईशी याआधी पण लोक खोटंच बोलले होते ना. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

तू म्हणालीस, ताईला का सांगितलं नाही ते विचार करून बघ. विचार केला. मला वाटतं तू पण काकूसारखाच विचार केलास. पण मग काकांचं मला चूक वाटत नाही. दोघांचं बरोबर वाटतंय आणि माझ्याकडे फक्त उद्याचा दिवस आहे.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते तुझं तू ठरव, घाई नाही. पण या एका बाबतीत मला एकटीला ठरवायला लावू नकोस, माझ्या ठरवण्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही. तू तिची बहीण आहेस, तिच्या शेजारी झोपतेस, तिला कशाने काय होतं ते तुला कळतं. ताईला खरं सांगायचं, की तिचा तो राग तिच्याकडे तसाच राहू द्यायचा? तुला काय वाटतं?

वल्लरी